हेल्मेटमधला थर्मोकोल आणि भरपाईचा दावा

'हेल्मेट नसेल तर अपघाताची भरपाई एक रुपयासुद्धा मिळत नाही' असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. तो चुकीचा आहे. 'चूक ट्रकवाल्याची, मग माझ्या डोक्यावर काय होतं याचा संबंधच काय?' हा युक्तिवादही तितकाच चुकीचा. दाव्यात प्रश्न दोन असतात: अपघात कोणामुळे झाला आणि इजा कशामुळे वाढली? हेल्मेट नसल्यामुळे ट्रक येऊन धडकत नाही. डोक्याची इजा मात्र वाढू शकते, आणि ती किती वाढली हे भौतिकशास्त्र सांगतं.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मोहम्मद सिद्दीकी प्रकरणात हाच धागा पकडला. मोटारसायकलवर तिघे होते, म्हणून भरपाई कापली गेली होती. न्यायालय म्हणालं, नुसता नियमभंग पुरेसा नाही. त्यामुळे अपघात घडला किंवा त्याचा आघात वाढला हे सिद्ध व्हायला हवं. मोटार वाहन कायद्यातल्या हेल्मेटसक्तीच्या कलम 129 लाही हेच तत्त्व लावलं, तर पाय मोडलेल्या माणसाची भरपाई हेल्मेट नव्हतं म्हणून कापता येणार नाही.

आता डोक्याकडे वळू. समजा, डोकं ताशी 25 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 7 मीटर वेगाने रस्त्यावर आदळलं. हेल्मेट नसेल तर ते थांबायला त्वचा आणि कवटी मिळून जेमतेम 3 मिलिमीटर अंतर मिळतं असं धरू. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, या शाळेतल्या सूत्राने मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, येतं गुरुत्वत्वरणाच्या 800 पटींहून जास्त. तेच अंतर 25 मिलिमीटर झालं की मंदन 100 पटींवर येतं. वेग तोच, डोकं तेच. बदललं फक्त थांबण्याचं अंतर.

हे अंतर देतो हेल्मेटच्या आतला थर्मोकोल. बाहेरचं कडक कवच आघात पसरवतं, पण ऊर्जा मुख्यतः थर्मोकोल गिळतो. त्यात हवेने भरलेल्या असंख्य बंद पेशी असतात. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की पेशींच्या भिंती एकामागून एक वाकतात, मोडतात, आणि या सगळ्या काळात विरोधी बल जवळजवळ सारखंच राहतं. स्प्रिंगचं बल दाबाल तसं वाढत जातं आणि शेवटी ती ऊर्जा परत फेकते. थर्मोकोल ती बहुतेक परत देत नाही, म्हणून डोकं फारसं उसळत नाही. तो फार मऊ असेल तर पेशी लवकर संपतात आणि डोकं तळाला टेकतं. फार कडक असेल तर चेपतच नाही. म्हणून त्याची घनता काळजीपूर्वक ठरवावी लागते.

मेंदूच्या इजेचा एक निर्देशांक सरासरी मंदनाचा अडीचावा घात घेऊन त्याला सेकंदातल्या कालावधीने गुणतो. वरच्या उदाहरणात मंदन एकसारखं धरलं, तर तो हेल्मेटसह सुमारे 700 आणि हेल्मेटशिवाय 17,000 च्या आसपास येतो. मोटारींच्या चाचण्यांत 1000 ही मर्यादा मानतात. तिरक्या आघातात डोकं गर्रकन फिरतं, तेव्हा मेंदूच्या ऊतींवर कातर-ताण येतो, म्हणजे त्यांचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात. ऑक्सफर्डच्या होलबर्न यांनी 1943 मध्ये जिलेटिनचे मेंदू फिरवून हे दाखवलं होतं. त्याचं गणित या निर्देशांकात येत नाही.

हँडलला बांधलेली लिंबू-मिरची थांबण्याचं अंतर एका मिलिमीटरनेही वाढवत नाही. आत थर्मोकोल नसलेली प्लास्टिकची टोपीही नाही, मग तिच्यावर कुठलाही स्टिकर असो. आयएस 4151 हे भारतीय मानक दुचाकीच्या हेल्मेटसाठीच आहे.

ब्रिटिश न्यायालयांनी या कार्यकारणाला टक्केवारी दिली. सीटबेल्टच्या 1975 मधल्या फ्रूम खटल्यात ठरलं: बेल्टने इजा पूर्ण टळली असती तर 25 टक्के कपात, कमी झाली असती तर 15 टक्के, फरकच पडला नसता तर शून्य. हेल्मेट न घातलेल्या एका मोपेडस्वाराची भरपाई त्याआधीच 15 टक्क्यांनी कापली गेली होती. पुढे हनुवटीचा पट्टा न लावलेल्या एकाची 10 टक्के कापली गेली, कारण हेल्मेट डोक्यावरून आधीच उडालं होतं.

अपघातानंतर हेल्मेट फेकून देऊ नका. चेपलेला थर्मोकोल पूर्ववत होत नाही, त्यामुळे आघात कुठे आणि साधारण किती जोराचा होता हे तज्ज्ञाला त्यावरून ताडता येतं. वैद्यकीय कागदांसोबत ते जपून ठेवा. डोक्यावर मात्र पुन्हा चढवू नका, कारण त्या जागच्या पेशी एकदा वापरून संपलेल्या असतात.