मोठी धरणे : पुणे जिल्ह्यातील पाणी, अन्न आणि वीज

पावसाळ्यातले पाणी उरलेल्या आठ महिन्यांसाठी अडवून ठेवणारा नदीवरचा बांध म्हणजे धरण. आंतरराष्ट्रीय मोठी धरणे आयोगाच्या व्याख्येनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच धरण ‘मोठे’ ठरते. उंची ५ ते १५ मीटर असली तरी साठा ३० लाख घनमीटरहून जास्त असेल तर तेही मोठ्यात धरतात. भारतात अशी सर्वाधिक धरणे महाराष्ट्रात आहेत. पिण्याचे पाणी, शेती आणि वीज यांचे एकमेकांशी असलेले नाते, आणि त्यांच्यातली ओढाताणही, पुणे जिल्ह्यात एका नजरेत दिसते.

याचे कारण पावसात आहे. ताम्हिणी, मुळशी, लोणावळा या घाटमाथ्यावर वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला बारामती-इंदापुरात तो पाचशेच्या आसपास येतो, आणि पडतो तोही चार महिन्यांतच. धरण या पावसात एका थेंबाचीही भर घालत नाही. ते पाणी जुलैतून एप्रिलमध्ये आणि मावळातून दुसऱ्या कुणाच्या तरी दारात नेते. म्हणून प्रत्येक धरणाबाबत साठा किती याबरोबरच तो कोणाच्या खोऱ्यातून कोणाकडे जातो, हेही विचारावे लागते.

शहराचे पाणी

मुठा नदीवरचे खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. पुणे शहर व लष्कर भागाला पाणी आणि पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याला कालवा, असा त्याचा दुहेरी हेतू होता. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले. ते १९०३ मध्ये याच धरणावर बसवले गेले आणि धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. आज खडकवासल्याचा स्वतःचा उपयुक्त साठा दोन टीएमसीहूनही कमी आहे (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर). खरा साठा वरच्या बाजूला आहे : वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि टेमघर ३.७१ टीएमसी. चारही मिळून २९.१५. वरून सोडलेले पाणी खडकवासल्यात येते, तिथून बंद नळाने पर्वतीच्या जलकेंद्राकडे आणि कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरकडे जाते.

या २९ टीएमसीतले वीसेक टीएमसी आता शहराला लागतात. धरणे बांधताना शहराचा वाटा एवढा धरलेला नव्हता. गावे महापालिकेत आली, हिंजवडी-खराडीसारखी कामाची केंद्रे उभी राहिली, आणि शहराची गरज भागवायला आणखी खोरी जोडली गेली. पूर्व भागाला २०२१ पासून भामा-आसखेड धरणाचे पाणी मिळते. पिंपरी-चिंचवडची तहान पवना धरण भागवते. पवनेचे पाणी बंद नळाने शहरात नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता; नदी कोरडी पडली तर काठावरच्या उपसा पंपांना पाणी कुठून येणार, हा त्यांचा सवाल होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन जणांचे प्राण गेले. पाण्यावरून पुणे जिल्ह्यात माणसे मेली आहेत, ही गोष्ट शहराच्या नळाजवळ फारशी आठवली जात नाही. ती आठवली पाहिजे.

शेती आणि अन्न

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास शिवारात आले. मागे १८७६-७७ चा भीषण दुष्काळ होता. ज्वारी-बाजरी वाचवावी, माणूस आणि जनावर जगावे, हा कालव्याचा मूळ विचार. भाटघरचे मोठे धरण (तेव्हाचे लॉइड धरण) १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले. सुमारे २३ टीएमसीच्या या साठ्याने नीरेच्या दोन्ही कालव्यांना भरवशाचे पाणी दिले.

भरवशाचे पाणी आले की ऊस येतो. नीरा खोऱ्यात हे लवकर घडले. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॉक पद्धत आणली ती यासाठीच : थोड्या जमिनीत ऊस, बाकीत भुसार, आणि तेही आळीपाळीने, म्हणजे पाणी दोन-चार गावांत अडकून न राहता पसरेल. पुढे वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे साखर कारखाने उभे राहिले. त्यांनी रस्ते, शाळा, दूधसंघ आणि राजकारणही उभे केले. बारामती-इंदापुरातल्या अनेक घरांची दुष्काळातून कायमची सुटका उसाने केली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण अन्नसुरक्षेच्या हिशेबात प्रश्न उरतोच. बाराही महिने पाणी पिणारे पीक कालव्याच्या डोक्यावर उभे असते, आणि ज्वारी, हरभरा, चारा मात्र मागच्या शिवारात पावसावर. आठमाही सिंचनाचे, म्हणजे वर्षात आठच महिने पाणी देण्याचे, धोरण कागदावर आहे. शेतात मात्र विहिरी, शेततळी आणि उपसा पंप कालव्याचे पाणी बारमाही करून टाकतात.

हे पाणी शेतापर्यंत कसे पोचते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते. पालकमंत्री, आमदार, महापालिकेचे आणि जलसंपदा खात्याचे अधिकारी बसतात. शिल्लक साठ्यातून आधी पिण्याचे पाणी बाजूला काढतात, मग बाष्पीभवन, मग रब्बीची व उन्हाळ्याची किती आवर्तने (कालव्यात पाणी सोडण्याच्या फेऱ्या) बसतात ते ठरते. शेतकऱ्याने पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरायचा, पाणीपट्टी भरायची आणि पाळीची वाट पाहायची. कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत आणि चारीतून बांधावर पाणी येते. वरच्याने दार जास्त वेळ उघडे ठेवले की ‘टेल’च्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची पाळी रात्री दोनला येते किंवा येतच नाही. नवा मुठा उजवा कालवा दोनशे किलोमीटरच्या वर लांब आहे. खडकवासल्यात एक आवर्तन कापले की त्याचा फटका सर्वांत आधी इंदापूरच्या टोकाला बसतो.

या ओढाताणीवर एक उपाय म्हणून शहराने वापरलेले पाणी शुद्ध करून मुंढवा येथून जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे लोक ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यात, वर्षाला साडेसहा टीएमसी सोडायचे ठरले. विचार योग्य आहे. मात्र ते पाणी खरोखर शुद्ध झाले नाही तर शेतकऱ्याला धरणाच्या पाण्याच्या बदल्यात सांडपाणी मिळते, आणि विहिरींनाही तेच झिरपते.

वीज

पुण्याच्या धरणांतली सर्वांत मोठी वीज पुण्यासाठी तयार झालीच नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मावळ-मुळशीच्या माथ्यावर तळी बांधली. पाणी पूर्वेकडे वाहू न देता बोगद्यांतून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडले. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिरा येथील १९२७ मध्ये सुरू झाले. तिन्हींची मिळून क्षमता आज ४४७ मेगावॅट आहे. तुलनेत पानशेतच्या पायथ्याचे वीजगृह ८ मेगावॅटचे.

जलविद्युत काही मिनिटांत सुरू किंवा बंद करता येते. संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा, किंवा बाहेरचे वीजजाळे कोसळले तर मुंबईला वेगळे काढून दिवे चालू ठेवण्यासाठी, ही वीजगृहे मोलाची ठरतात. पण ज्या पाण्यावर ती चालतात ते भीमा खोऱ्यातले आहे. वीज करून ते कुंडलिका, पाताळगंगा, उल्हास या नद्यांत जाते. कोकणातले उद्योग आणि शहरे त्यातले बरेच वापरतात. दुष्काळी वर्ष आले की हे पाणी पूर्वेला वळवा, ही मागणी जोर धरते. मागणी रास्त आहे, पण तिची किंमतही मांडली पाहिजे : तेवढी सर्वाधिक मागणीच्या वेळची वीज दुसरीकडून आणावी लागेल आणि कोकणच्या नद्यांनाही पाणी कमी पडेल.

उलट बाजूला पाणी वीज खाते. पुरंदर उपसा योजनेत मुळा-मुठेचे पाणी कोरेगाव मूळ येथून उचलून पर्जन्यछायेतल्या पुरंदरात नेतात. वीजबिल थकले की पंप थांबतात. दुसरीकडे कारखाने उसाच्या चोथ्यापासून (बगॅस) वीज आणि मळीपासून इथेनॉल करतात, म्हणजे कालव्याचे पाणी उसामार्गे पुन्हा ऊर्जेकडेच येते. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवटा (१,८०० मेगावॅट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॅट) या उदंचन प्रकल्पांसाठी करार केला. दिवसा सौरऊर्जेने पाणी वर चढवायचे आणि रात्री खाली सोडून वीज करायची, अशी ही रचना आहे.

बुडालेली गावे

मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याच्या पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही ओळख याच लढ्याने दिली. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. लढा हरला, मावळ्यांची भातखाचरे बुडाली. शतकानंतरही जलाशयाच्या काठावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. भाटघर आणि उजनीत पाणी उतरले की कांबरे आणि पळसदेवची जुनी मंदिरे वर येतात, आणि विस्थापितांच्या नातवंडांना आपले गाव कुठे होते ते तेव्हा कळते. राज्याने पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला, तोवर यातली बरीच धरणे झाली होती किंवा होत आली होती.

धरणाची स्वतःची सुरक्षितता

पानशेतचे मातीचे धरण अपूर्ण असताना, पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम बाकी असताना १९६१ च्या पावसाने ते भरत गेले. भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा धरून ठेवला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले आणि त्याच दिवशी खडकवासल्याचा दगडी बांधही गेला. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. रात्रीऐवजी दिवसा फुटल्याने अनेकांना पळता आले, याचे श्रेय त्या जवानांचे. पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले, कारण शहराचा साठाच वाहून गेला होता. मग वाड्यांतल्या जुन्या विहिरी कामी आल्या. सारे शहर एकाच साठ्यावर विसंबले तर काय होते ते तेव्हा दिसले, तरी त्यानंतर आपण विहिरी बुजवत गेलो.

आज टेमघरच्या गळतीवर काम झाले आहे, धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला आहे. धोका मात्र दुसऱ्या बाजूने वाढला : २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. पूररेषेच्या आत बांधकामे होत राहिली तर धरण नियमाप्रमाणे चालवूनही लोक बुडतात.

खालच्या बाजूला

पुण्याने वापरलेले बरेचसे पाणी शेवटी भीमेवरच्या उजनीत जमते. १९८० मध्ये पुरे झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावते, पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग मृतसाठा, म्हणजे कालव्यात आपोआप न उतरणारा तळचा साठा, आहे. म्हणून तिथली टक्केवारी उन्हाळ्यात ‘उणे’ जाते आणि तरीही इंदापूर-करमाळ्याचे उपसा पंप पाण्यामागे सरकत राहतात. भिगवणला रोहित पक्षी येतात, मासेमारी चालते, आणि त्याच पाण्यात शहराचे सांडपाणीही असते. सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी याच साठ्यातून येते. वर्षानुवर्षे ते भीमेच्या कोरड्या पात्रातून सोलापूरजवळच्या टाकळीपर्यंत सोडत आले; वाटेत वाळूत आणि उन्हात बहुतेक पाणी जिरत असे आणि काही टीएमसी सोडावे तेव्हा शहराच्या वाट्याला थोडेच पोचे. त्यासाठीच उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीचे काम हाती घेण्यात आले.