कौटुंबिक जीवन व पालक शिक्षण (पदव्युत्तर अभ्यास)

कुटुंबातील नातेसंबंध, बालविकास व पालकत्व यांविषयी प्रौढांना शिकविणारे शिक्षक तयार करणारी विद्यापीठीय अभ्यासशाखा. तिची घडण मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली. तेथे ती कोठे गृहविज्ञान वा मानवविकास विभागात, तर कोठे शिक्षणशास्त्रात आढळते.

उगम : या शाखेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. न्यूयॉर्कमध्ये १८८८ च्या सुमारास मातांची अभ्यासमंडळे भरू लागली होती. पण ती विद्यापीठाबाहेरची. एका मतानुसार गृहविज्ञानाच्या प्रवर्तक एलन रिचर्ड्‌स यांच्या पुढाकाराने भरलेल्या लेक प्लॅसिड येथील गृहविज्ञान परिषदांत (१८९९–१९०८) या शाखेचे मूळ आहे. दुसरे मत समाजशास्त्राच्या अभ्यासकांचे; ते समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट ग्रोव्ह्‌ज यांच्याकडे बोट दाखवितात. त्यांनी १९२० नंतरच्या दशकात विवाह व कुटुंब हा विषय महाविद्यालयीन वर्गात आणला. तिसरे मत आयोवा विद्यापीठातील बालकल्याण संशोधन केंद्राला (१९१७) अग्रमान देते. मका आणि डुकरे सुधारण्यासाठी सरकार संशोधन करते, मग मुलांसाठी का नाही, असा आयोवातील समाजकार्यकर्त्या कोरा बसी हिलिस यांचा आग्रह होता आणि त्यांच्या दीर्घ प्रयत्नांतून हे केंद्र उभे राहिले.

गृहविज्ञानाने या शाखेला विभाग आणि विद्यार्थिनी दिल्या, हे खरे. तथापि पालकांना शिकविणाऱ्यालाही स्वतंत्र प्रशिक्षण लागते, ही जाणीव बालकल्याण संस्थांमध्ये अधिक स्पष्ट दिसते. म्हणून तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याला बळकटी मिळते ती लॉरा स्पेलमन रॉकफेलर स्मृतिनिधीच्या कार्यामुळे. निधीचे अधिकारी लॉरेन्स फ्रँक यांच्या योजनेतून या निधीने कोलंबियाचे टीचर्स कॉलेज (१९२४), मिनेसोटा (१९२५) व बर्कली (१९२७) येथील बालकल्याण संस्थांना अर्थसाहाय्य दिले. संशोधन आणि पालक शिक्षण ही दोन्ही कामे एकाच छताखाली चालावीत, असा त्यामागे हेतू होता. डिट्रॉइटच्या मेरिल-पामर शाळेत एड्ना नोबल व्हाइट यांनी शिशुशाळेलाच प्रयोगशाळेचे रूप दिले. इतर महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी तेथे येऊन मुलांचे निरीक्षण करीत.

स्वरूप : अमेरिकेच्या राष्ट्रीय कुटुंबसंबंध परिषदेने (स्थापना १९३८) १९८५ पासून कुटुंबजीवन शिक्षकांना प्रमाणपत्र देण्यास सुरुवात केली. त्यासाठी ठरविलेल्या दहा विषयक्षेत्रांत मानवी लैंगिकता, कौटुंबिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन, कुटुंबविषयक कायदे व व्यावसायिक नीती यांचाही समावेश आहे.

शिक्षण आणि उपचार यांतील सीमारेषा हा या अभ्यासातील सर्वांत नाजूक भाग होय. कुटुंबोपचारतज्ज्ञ विल्यम डोहर्टी यांनी १९९५ मध्ये कुटुंबाशी होणाऱ्या व्यावसायिक संबंधाच्या पाच पातळ्या मांडल्या : कुटुंबाचा नाममात्र विचार, माहिती व सल्ला, भावना व आधार, मर्यादित हस्तक्षेप आणि कुटुंबोपचार. पालक शिक्षकाचे बहुतेक काम तिसऱ्या पातळीपर्यंत चालते. चौथीसाठी जादा प्रशिक्षण लागते, पाचवी त्याच्या कक्षेबाहेर. गटात एखादी आई रडू लागली, तर तिचे ऐकून घ्यायचे, तिला गटाचा आधार मिळू द्यायचा, पण तिच्या बालपणाची चिकित्सा मांडायची नाही. हा संयम व्याख्यानांतून येत नाही. म्हणून अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली गट चालविणे आणि नंतर आपल्याच बोलण्याची छाननी करणे, हा प्रशिक्षणाचा गाभा मानावा लागतो.

मिनेसोटात पालक व बालक यांच्यासाठी १९७४ मध्ये प्रायोगिक वर्ग सुरू झाले व पुढे ते राज्यभर पसरले. तेथील पालक शिक्षकांना राज्याचा परवाना लागतो. त्यामुळे या प्रशिक्षणाला व्यवसायाचा पक्का आधार लाभला.

भारत : बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, दिल्लीचे लेडी अर्विन कॉलेज, मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ इ. ठिकाणी हा विषय मानवविकासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात येतो. मराठीत पालकांशी सातत्याने संवाद साधण्याचे काम बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी विद्यापीठाबाहेर राहून *शिक्षणपत्रिका* या मासिकातून केले. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मातांचे पोषण व आरोग्य शिक्षण अंगणवाडी सेविकांकडे सोपविलेले आहे.