मन मोकळं करून मंत्रचळ का जात नाही?

‘एखादा चांगला थेरपिस्ट सांग ना,’ असं कुणी म्हटलं की आपण लगेच नाव सुचवतो. त्रास काय आहे, हे विचारायचं राहूनच जातं. बोललं की मोकळं वाटतं आणि मोकळं वाटलं की बरं होतं, असा आपला सरळ हिशोब. ओसीडी, म्हणजे मंत्रचळात नको त्या शंका पुन्हा पुन्हा येतात आणि त्या शमवायला माणूस तीच कृती करत राहतो. त्याच्या बाबतीत हा हिशोब चक्क उलटा पडू शकतो.

कुलूप नीट लागलंय का, ही शंका घ्या. माणूस परत जाऊन बघतो आणि धडधड थांबते. ही सुटका मेंदूच्या लेखी बक्षीसच. ‘तपासलं म्हणून अनर्थ टळला’ एवढंच तो शिकतो आणि पुढच्या वेळी शंका अधिक जोरात येते. आता एखाद्या प्रेमळ समुपदेशकाने दर आठवड्याला ‘काही होणार नाही हो’ असा धीर दिला, तर तेही तपासणंच झालं! बक्षीस द्यायला आणखी एक माणूस मिळाला, इतकंच.

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये अशा दोन रुग्णांवरचे उपचार प्रसिद्ध केले. भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जायचं, पण नंतरचा विधी, म्हणजे तपासण्यासारखी कृती, करायची नाही. यातूनच पुढे ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ ही पद्धत उभी राहिली. गंमत अशी, की यात जुनी भीती पुसली जात नाही. शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना घंटेनंतर अन्न मिळायची सवय लागली, की नुसत्या घंटेनेही लाळ सुटायची. घंटेनंतर अन्न मिळेनासं झालं की ती थांबायची, पण मध्ये थोडा काळ गेला की पुन्हा सुटायची. भीतीचंही तसंच. अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी निगडित भागातली जुनी नोंद शाबूत राहते. ‘अपेक्षित संकट आलंच नाही’ ही नवी नोंद तिच्याशेजारी तयार होते आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स तिच्या आधारे अमिग्डालाला आवर घालतो. मात्र ही नवी नोंद जिथे शिकली, त्या जागेशी बरीचशी बांधलेली असते. दवाखान्यात पळालेली भीती घरी दारात उभी राहते ती त्यामुळेच. म्हणून सराव घरी, प्रवासात, कामाच्या ठिकाणीही करावा लागतो.

सगळ्याच त्रासांना इतकी नेमकी किल्ली लागत नाही. नैराश्यात अनेक अभ्यासलेल्या पद्धतींचा गुण साधारण सारखाच येतो. तिथे थेरपिस्टशी सूर जुळणं आणि उपचाराचं उद्दिष्ट दोघांना पटणं यांना बरंच वजन आहे. नात्यातला ताण किंवा वियोगाचं दुःख असेल, तर समुपदेशक पुरेसा ठरू शकतो. भास, उन्माद किंवा तीव्र नैराश्य असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. तो वैद्यकीय डॉक्टर असतो, औषधं देतो आणि थायरॉइडसारखं शारीरिक कारणही तपासतो. आत्महत्येचे विचार येत असतील, तर निवड करत बसू नये, तातडीची मदत घ्यावी.

‘एका सत्रात अवचेतन मन रीप्रोग्राम करू’ म्हणणाऱ्यांबद्दल काय बोलावं! अंगारा देणारा निदान न्यूरॉनचं नाव तरी घेत नाही.

मंत्रचळासाठी थेरपिस्ट शोधताना फोनवरच विचारावं : ओसीडीवर काम करता का, आणि सत्रात माझ्याकडून नेमकं काय करून घ्याल? ‘या तर खरं, बोलू आपण’ एवढंच उत्तर मिळालं, तर पुढचा नंबर फिरवावा.