वडिलोपार्जित व स्वकष्टार्जित मालमत्तेचे वाद

हिंदू वारसा कायद्यात मालमत्तेचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलामुलींना जन्मतःच हिस्सा मिळतो. स्वकष्टार्जित मालमत्तेवर मालक हयात असेपर्यंत दुसऱ्या कोणाचाही हक्क नसतो. मालक ती विकू शकतो, बक्षीस देऊ शकतो किंवा मृत्युपत्राने परक्यालाही देऊ शकतो. मालमत्ता यांपैकी कोणत्या प्रकारची, हे ती किती जुनी आहे यावरून ठरत नाही. ती या हातात कोणत्या वाटेने आली, यावरून ठरते.

निम्मा घोळ शब्दातच आहे. ‘वडिलोपार्जित’ म्हणजे शब्दशः वडिलांनी मिळवलेली. पण वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट कायद्याच्या भाषेत वडिलोपार्जित नसतो. तो त्यांचा स्वकष्टार्जित असतो आणि मुलगा त्यात वाटणी मागू शकत नाही. आईच्या वडिलांकडून आलेली मालमत्ताही या व्याख्येत बसत नाही. वडील, आजोबा, पणजोबा या पुरुषवंशातून आलेलीच मालमत्ता परंपरेने वडिलोपार्जित धरली जाते.

या कल्पनेचे मूळ मिताक्षरेत आहे. कल्याणीच्या (आजचे बसवकल्याण) चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ही टीका लिहिली. जन्माने मिळणारा हक्क तो ‘अप्रतिबंध दाय’ आणि मालकाच्या मृत्यूनंतरच मिळणारा तो ‘सप्रतिबंध दाय’, असा भेद तिने केला. बंगालमध्ये चालणाऱ्या जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ या ग्रंथाने जन्मतः हक्क मान्यच केला नाही. महाराष्ट्र मात्र मिताक्षरेच्या छायेत राहिला.

१७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि हे गणित बदलले. त्यापूर्वी आजोबा वारले आणि त्यांची मालमत्ता वडिलांकडे आली, तर नातवाचा तिच्यात जन्मसिद्ध हिस्सा असे. त्यानंतर आजोबांची स्वतःची कमाई कलम ८ नुसार वडिलांना मिळाली, तर ती वडिलांची वैयक्तिक मालमत्ता होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात हे स्पष्ट केले. म्हणून ‘आजोबांची जमीन आहे, माझा हक्क आहेच’ हे वाक्य वकिलाकडे अर्धेच कामाचे असते. आजोबा कधी वारले आणि त्यांना ती जमीन कुठून मिळाली, हे त्याचे पहिले दोन प्रश्न असतात.

खरी लढाई पुराव्याची. कुटुंब एकत्र आहे म्हणून त्यातल्या प्रत्येकाची मालमत्ता समाईक, असे कायदा गृहीत धरत नाही. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९४७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये कांगो खटल्यात हे तत्त्व सांगितले. समाईक म्हणणाऱ्याने आधी दाखवायचे, की नवीन खरेदी करता येईल इतके उत्पन्न देणारी मूळ मालमत्ता कुटुंबाकडे होती. वकील तिला ‘न्यूक्लियस’ म्हणतात. ती सिद्ध झाली, की आपली खरेदी स्वकमाईची आहे हे दाखवण्याचा भार दुसऱ्या बाजूवर येतो. खडकाळ दोन एकर, त्यात घरच्यांचेच पोट भरत नव्हते, एवढे पुढे आले तर न्यूक्लियसचा मुद्दा तिथेच कोसळतो.

कोकणातले एक चित्र घ्या. एक भाऊ मुंबईला गिरणीत, दुसरा गावी शेतीवर. मुंबईच्या मनीऑर्डरींवर गावी चिऱ्याचे घर उभे राहिले, पण जोत्याखालची जागा पणजोबांची. घर एकाचे आणि जागा सगळ्यांची, असा गुंता होतो, आणि चाळीस वर्षांनी मनीऑर्डरीच्या पावत्या कोणाकडेच नसतात. सातबाऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी नोंद असते. पुढच्या एखाद्या फेरफारात ती तीन अक्षरे गळली, की थोरल्याची मुले जमीन आपल्या बापाचीच समजू लागतात. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे न्यायालये सतत सांगतात. तरी जुना फेरफार तहसील कचेरीतून काढून आणणे, हे अशा दाव्यातले पहिले काम असते.

शिक्षणाच्या कमाईचा प्रश्न १९३० मध्ये सुटला. त्याआधी कुटुंबाच्या पैशाने विशेष शिक्षण घेतलेल्याची कमाईही समाईक ठरू शके. बॅ. मु. रा. जयकरांनी मांडलेल्या विधेयकातून झालेल्या कायद्याने ती कमावणाऱ्याची ठरवली.

स्त्रियांचा हिस्सा हा या विषयाचा सर्वांत दुखरा भाग. सांगलीत दाखल झालेल्या हिराबाई मगदूम यांच्या दाव्यात पतीच्या मृत्यूआधीच वाटणी झाली असे मानून, पती, पत्नी आणि दोन मुलगे अशा त्या काल्पनिक वाटणीत पत्नीला १/४, आणि पतीच्या हिश्शातून सहा वारसांपैकी (पत्नी, दोन मुलगे, तीन मुली) एक म्हणून १/२४, असा एकूण ७/२४ हिस्सा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, केले, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा निकालाने ठरले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या आणि विक्री अबाधित आहेत.

तरीही वडिलांचे दिवस उरकले, की बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते. ‘माहेर तुटू नये’ म्हणून सही होते, बदल्यात एक साडी मिळते. ही सही फुकट मागणे अन्यायाचे आहे, आणि एकदा नोंदणी झाली की ती मागे घेणे फार अवघड. वडील जिवंत असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवरचा हक्क सोडून घेण्याला मात्र सहसा अर्थ नसतो; तेव्हा मुलीकडे सोडण्यासारखा हक्कच नसतो.

गोव्यात हे वाद वेगळ्या वाटेने जातात. तिथे पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा चालते आणि मुलांचा राखीव हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही.

महाराष्ट्रात वाटणीचा हुकूमनामा झाला तरी सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे न्यायालय पाडत नाही. हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, मोजणीदार येतो आणि विहीर, वाट, पाणथळ, माळ पाहून सरसनिरस वाटप होते. दावा लावणारा ते पाहायला कित्येकदा हयात नसतो. बांधावर त्याचे वारस उभे असतात.