गळ्यावरचे हात आणि न विचारलेले प्रश्न

नवऱ्याने किंवा प्रियकराने बाईचा जीव घेतला की शेजारीपाजारी म्हणतात, असं काही होईल असं वाटलं नव्हतं. पण अशा खुनांचा मागचा काळ तपासायला सुरुवात होऊन आता जवळपास पन्नास वर्षे झाली, आणि अचानक झालेला खून त्यात फार क्वचित सापडतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या पोलिस नोंदींचा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. कौटुंबिक खून आणि गंभीर हल्ल्यांच्या सुमारे ८५ टक्के प्रकरणांत, त्याआधीच्या दोन वर्षांत पोलिस त्या पत्त्यावर निदान एकदा जाऊन आले होते.

ओहायोतील डेटन शहरात जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिकेने खून झालेल्या स्त्रियांच्या पोलिस फायली वाचल्या. त्यातून, आणि मारहाण सोसलेल्या स्त्रियांशी बोलून, १९८५ मध्ये त्यांनी एक प्रश्नावली तयार केली: डेंजर असेसमेंट, म्हणजे बाईच्या जिवाला किती धोका आहे याचा अंदाज. तिची सुरुवात कॅलेंडरने होते. गेल्या वर्षात कोणत्या दिवशी मारहाण झाली आणि ती किती गंभीर होती, हे बाईने स्वतः मांडायचे. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. 'तेवढं काही नाही हो' म्हणणाऱ्या बाईला मार वाढत चालल्याचे तिच्याच हाताने केलेल्या खुणांत दिसते. पुढे कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी ११ शहरांतील खुनांची तुलना मारहाण होऊनही जिवंत असलेल्या स्त्रियांशी केली; ते निष्कर्ष २००३ मध्ये आले. पुरुषाच्या हाती बंदूक असली तर धोका पाचपटीहून अधिक. तो कमालीचा ताबा गाजवणारा असेल आणि बाई त्याला सोडून गेली असेल, तर सुमारे नऊपट. मारल्या गेलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम निम्म्यांनाच आपल्या जिवाला किती धोका आहे याचा नेमका अंदाज आला होता. म्हणून तिला भीती वाटत असेल तर ती खरी मानायची. वाटत नसेल तर तेवढ्यावर निर्धास्त राहायचे नाही.

गळा दाबण्याकडे मात्र बराच काळ कुणी नीट पाहिले नाही. सॅन दिएगोत १९९५ मध्ये दोन किशोरवयीन मुलींचे खून झाल्यावर तिथल्या सरकारी वकिलांनी गळा दाबल्याची ३०० प्रकरणे पुन्हा उघडली. निम्म्या स्त्रियांच्या मानेवर पोलिसांना कोणतीही खूण दिसली नव्हती. वळ नाही, म्हणून गुन्हा किरकोळ ठरत होता. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके, नकळत लघवी होणे या खुणा कुणी विचारल्याच नव्हत्या. २००८ च्या अभ्यासाने हिशेब स्पष्ट केला: ज्याने एकदा गळा दाबला, त्याच्या हातून पुढे खून होण्याची शक्यता सुमारे सातपट. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून गळा दाबणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

भारतात या विषयाकडे पाहण्याची चौकट हुंड्याने घडवली. भारतीय दंड संहितेत १९८३ चे कलम ४९८अ (सासरचा छळ) आणि १९८६ चे ३०४ब (हुंडाबळी) आले ते जळालेल्या सुनांमुळे, स्त्री चळवळीने रस्त्यावर उतरून ते मिळवले. पण ३०४ब (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८०) लग्नानंतरच्या सात वर्षांपुरते आणि हुंड्यासाठीच्या छळापुरते. जिथे पैशाची मागणी नाही, फक्त संशय, मोबाईल तपासणे, माहेरी जाऊ न देणे, 'सोडून गेलीस तर ठार मारीन' असे आहे, तिथला धोका या चौकटीत मावत नाही. आपल्याकडची आणखी एक रीत मला फार भीतीदायक वाटते. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला चार नातेवाईक बसवून, समजूत घालून परत नांदायला पाठवतात. ती घराबाहेर पडली, तेव्हाच जोखीम सर्वात वाढलेली असते, आणि नेमकी त्याच वेळी तिला त्याच्या हवाली केली जाते.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या 'दिलासा' केंद्राने हे काम दवाखान्यात आणले. जखम घेऊन आलेल्या बाईशी तिथेच बोलायचे, घरी परतणे सुरक्षित आहे का हे तिच्यासोबत तपासायचे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतही पाचव्या क्रमांकाचा नमुना सुरक्षा आराखड्याचा आहे. हिंसा पुन्हा होईल, वाढेल अशी भीती तिला वाटते का, याची नोंद त्यात करायची असते. गळा दाबण्याचा प्रयत्न झाला का, यासाठी त्यात वेगळी ओळही आहे. पण ती भरायची तर या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने तो प्रश्न नीट विचारायला हवा.