बंदिश (चीज)

बंदिश म्हणजे हिंदुस्तानी संगीतातली शब्द, राग आणि ताल या तिन्हीत बांधलेली रचना. शब्द फारसीतून आलाय, मूळ अर्थ बांधणं. आपल्याकडे जुने लोक तिला चीज म्हणतात, म्हणजे "यमनची एक छान चीज आहे त्यांच्याकडे" असं (हल्ली क्लासमधली पोरं यावर पिझ्झाचे जोक मारतात, असो).

पाश्चात्त्य संगीतात रचना म्हटली की कंपोजर सगळंच कागदावर लिहून देतो, कोणी काय किती वेळ वाजवायचं ते पण. बंदिशीचं तसं नाही. लिहिलेली बंदिश चार ओळींची, सरळ म्हटली तर दोनेक मिनिटांत संपते आणि गायक तीच धरून अर्धा-पाऊण तास गातो, आलाप (संथ स्वरविस्तार), बोलआलाप (तोच बंदिशीचे शब्द घेऊन), ताना (वेगवान स्वरांच्या लडी) सगळं जागेवर सुचलेलं, आणि दर वेळी परत यायचं ते मुखड्यावर, म्हणजे पहिल्या ओळीवर.

भाग दोन, स्थायी आणि अंतरा. स्थायीला बोलताना सगळे अस्ताईच म्हणतात. स्थायी साधारण मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकात फिरते, अंतरा वरच्या सा कडे जातो. ध्रुपदात संचारी आणि आभोग असे अजून दोन भाग असतात. स्थायीची पहिली ओळ, म्हणजे जी समेवर (तालाच्या पहिल्या ठोक्यावर) येऊन आदळते ती, तो मुखडा आणि खरी गंमत तिथेच आहे. तीनतालाच्या 16 मात्रा (ठोके), बऱ्याचशा छोट्या ख्यालांचा (मध्य किंवा जलद लयीतल्या बंदिशींचा) मुखडा नवव्या मात्रेवरून म्हणजे खालीपासून (तालातल्या बिनवजनाच्या जागेपासून) उठतो. समजा भूप राग आहे आणि मी नुसते स्वर मांडले, ग प ध सां, ध प ग रे, या झाल्या आठ मात्रा आणि सम आली ग वर. ग हा भूपाचा वादी स्वर, म्हणजे रागातला सगळ्यात महत्त्वाचा स्वर नेमका तालाच्या सगळ्यात वजनदार जागी बसला. हेच जर कसंही रे वर आणून टाकलं तर स्वर भूपाचेच पण रंग भूपाचा चढत नाही. चांगल्या बंदिशीत राग असा पहिल्या ओळीतच कळतो.

प्रकार बरेच. ध्रुपद सगळ्यात भारदस्त, चौतालात (12 मात्रा), पखवाजाबरोबर. धमार 14 मात्रांचा आणि विषय बहुतेक होळीचा. ख्याल दोन, बडा म्हणजे विलंबित (संथ) लयीतला, एकताल, तिलवाडा, झूमरा वगैरे तालांत, यात अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन (समेपासून समेपर्यंतचा फेरा) जवळपास मिनिटभर चालतं, आणि छोटा म्हणजे मध्य किंवा द्रुत (जलद) लयीतला. आज गायले जाणारे कितीतरी ख्याल सदारंगचे, म्हणजे नियामत खाँचे, ते दिल्लीच्या मुहम्मदशाह रंगीलेच्या (1719–1748) दरबारात होते. तराण्यात दीम, तनन, देरे ना असे अक्षरांचे बोल. चतरंगात कविता, तराणा, सरगम आणि पखवाजाचे बोल असं चारी एकत्र. टप्पा पंजाबी शब्दांचा, शोरी मियाँचं नाव त्याला जोडलेलं, गळा भयंकर फिरता लागतो. ठुमरी-दादऱ्यात रागापेक्षा शब्दातला भाव जास्त खेळवतात. सतार-सरोदवर याच जागी गत येते, मसीतखानी विलंबित आणि रजाखानी द्रुत.

रचनाकार शेवटच्या ओळीत, बहुतेक अंतऱ्यात, आपलं टोपणनाव घालतो, त्याला मुद्रा म्हणतात. आग्रा घराण्याच्या फैयाज खाँची प्रेमपिया, जगन्नाथबुवा पुरोहितांची गुणीदास, रामाश्रय झांची रामरंग. भातखंडे चतुर नावाने लिहायचे.

विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) मूळचे मुंबईचे, वाळकेश्वरचे, वकील माणूस. उस्ताद लोक चिजा सहजासहजी कोणाला देत नसत त्या काळात त्यांनी फिरून फिरून त्या गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीसकट छापल्या. त्या लिपीत समेला फुली, खालीला शून्य, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ. पण कागदावर बंदिश अर्धीच येते हे माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः पुस्तकातून एक चीज बसवून नेली होती, मात्रा न् मात्रा बरोबर, आणि माझ्या गाण्याच्या बाई म्हणाल्या "बरोबर आहे, पण हे गाणं नाही झालं", कारण दोन स्वरांमधली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि शब्दावर किती रेंगाळायचं हे कुठल्याच चिन्हात नसतं. शिवाय एकच चीज दोन घराण्यांत वेगळी मिळते, एकीकडे मुखडा दोन मात्रा आधी उठतो, एकीकडे शब्दच वेगळे. शब्द मुख्यतः ब्रज भाषेचे, तोंडातोंडी इतके झिजलेत की काही ठिकाणी अर्थ लावताना नाकी नऊ येतात.

मराठी रंगभूमीने या चिजांचा भरपूर उपयोग करून घेतला. 1880 ला किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल आलं, पण ख्यालाच्या अंगाचं गाणं ठळकपणे आलं ते पुढे, मानापमान (1911) ला गोविंदराव टेंबे आणि स्वयंवर (1916) ला भास्करबुवा बखले यांच्या चालींमुळे. बऱ्याच पदांच्या चाली सरळ एखाद्या चिजेवरून घेतलेल्या आहेत, फक्त ब्रजच्या जागी मराठी शब्द. त्यामुळे आपल्याकडे अनेकांना आधी नाट्यपद पाठ असतं आणि मूळ बंदिश नंतर कधीतरी एखाद्या मैफलीत ऐकल्यावर "अरे ही तर ती चाल" होतं.