स्मारक पाडल्याचा गुन्हा सिद्ध कसा होतो

युद्धात एखादी प्राचीन वास्तू कोसळली की ढिगाऱ्याची छायाचित्रे जगभर पोहोचतात, पण तेवढ्यावर कुणाला शिक्षा होत नाही. वास्तू संरक्षित होती, हल्ल्याच्या वेळी ती लष्करी लक्ष्य नव्हती आणि आरोपीने ते जाणूनबुजून केले, करवले किंवा रोखले नाही, हे सारे फिर्यादी पक्षाला सिद्ध करावे लागते.

यातला दुसरा मुद्दा सर्वांत खडतर. बोस्नियातील मोस्तारचा १५६६ मधला दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट सैन्याच्या तोफांच्या माऱ्याने नेरेत्वा नदीत कोसळला. माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये हा गुन्हा ठरवला. २०१७ मध्ये अपिलात मात्र निष्कर्ष फिरला: विरोधी सैन्य पुलाचा वापर करत असल्याने त्या वेळी तो लष्करी लक्ष्य होता, म्हणून त्याचा नाश लष्करी गरजेविना झाला असे म्हणता येत नाही. निकाल कायद्याला धरून असला, तरी मला तो आजही बोचतो. युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी झालेल्या १९५४ च्या हेग करारातच ‘अपरिहार्य लष्करी गरजे’ची पळवाट आहे. १९९९ च्या दुसऱ्या प्रोटोकॉलने, म्हणजे त्याच्या पूरक कराराने, ती अरुंद केली, पण पुरती बुजवली नाही.

क्रोएशियातील दुब्रोव्निकमध्ये ही अडचण नव्हती. ६ डिसेंबर १९९१ च्या गोळीबारावेळी जुन्या शहरात लष्करी लक्ष्य नव्हते, युनेस्कोची चिन्हे दिसत होती आणि नुकसान इमारतनिहाय नोंदवलेले होते. त्याच न्यायाधिकरणाने ५२ वास्तूंचे नुकसान सिद्ध मानले. युगोस्लाव्ह सैन्याचे जनरल स्त्रुगार यांनी जुन्या शहरावर हल्ल्याचा आदेश दिल्याचे सिद्ध झाले नाही. हाताखालच्यांना रोखले नाही आणि नंतर शिक्षाही केली नाही, म्हणून ते दोषी ठरले. शिक्षा ८ वर्षे, अपिलात साडेसात.

मालीतील टिंबक्टूत २०१२ च्या जून-जुलैमध्ये शहर ताब्यात घेतलेल्या अतिरेक्यांनी सूफी संतांचे मकबरे पाडले. मालीने स्वतःच प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवले. त्या अतिरेक्यांपैकी अहमद अल् महदी पाडकामाच्या चित्रफितींत स्पष्ट दिसत होता. त्याने गुन्हा कबूल केला. २०१६ मध्ये त्याला ९ वर्षांची शिक्षा झाली, पुढच्या वर्षी २७ लाख युरोंची भरपाई ठरली. पण एक प्रश्न उरतोच. शहर ताब्यात आल्यावर, लढाई थांबलेली असताना कुदळी चालवणे हा ‘हल्ला’ ठरतो का? अल् महदी खटल्यात ठरला. काँगोतील बंडखोर नेता न्तागांडा याच्या खटल्यात, लढाईनंतर चर्चमध्ये झालेल्या लुटीला त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायपीठाने ‘हल्ला’ मानले नाही. शब्दाच्या अर्थावर आरोप टिकतो किंवा गळतो.

सीरियातील प्राचीन पाल्मिरा शहरातल्या वास्तूंच्या नाशाचे प्रकरण तर या न्यायालयापर्यंतही पोहोचले नाही. सीरिया हे न्यायालय स्थापणाऱ्या रोम संविधीचा सदस्य नाही आणि सीरियातील परिस्थिती न्यायालयाकडे सोपवण्याचा प्रस्ताव सुरक्षा परिषदेत २०१४ मध्येच रशिया आणि चीनच्या नकाराधिकारामुळे बारगळला होता.

पुराव्याचे म्हणाल, तर उपग्रहचित्रात छत नाहीसे झालेले दिसते, ते कुणी पाडले हे दिसत नाही. महिन्याच्या १ तारखेचे आणि २० तारखेचेच चित्र हाती असेल आणि मधल्या काळात गावाचा ताबा बदलला असेल, तर आरोप कुणावर ठेवायचा? म्हणून साक्षीदार आणि तारखेसह मूळ चित्रफीत लागते. फाइल मिळताच तिचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-क्रमांक, नोंदवतात. पुढे फाइलीत काही बदल झाला, तर मूल्य जुळत नाही. शिवाय तुटलेले दगड हलवण्याआधी त्यांची मोजमापे आणि तोफगोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांची दिशा टिपावी लागते. डागडुजीच्या घाईत नेमका हाच पुरावा उचलला जातो.